खंडेनवमीला बसवलेलं लिनक्स

मला आधी एक सांगा. ज्या वस्तूला मालक नाही, हेड ऑफिस नाही, तक्रार करायला खिडकी नाही, अशी वस्तू तुम्ही आपण होऊन घरात आणाल का? मीही आणली नसती. मी गुरुशांत कोनापुरे. सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात काढली आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. कागदावर आवक नंबर नसेल तर तो कागद आलाच नाही असं मानणारा मी माणूस. तरीही भवानी पेठेतल्या आमच्या घरात लिनक्स आलं, आणि ते मीच आणलं.

सुरुवात अपमानानं झाली. भाद्रपदातल्या एका सकाळी कॉम्प्युटर लावला तर पडद्यावर पाटी आली, की ऑक्टोबरच्या मध्यानंतर विंडोजच्या तुमच्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. ठीक आहे. निवृत्ती सगळ्यांनाच असते. पण खाली लिहिलं होतं की नवी आवृत्ती बसवायला आपलं मशीन पात्र नाही. पात्र नाही! ज्या मशीनवर मी कॉलेजच्या दोन चौकशी समित्यांना उत्तरं टाइप केली, ते मशीन पात्र नाही. मी पाटी बंद केली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली.

दुसरा कुणी असता तर नवीन मशीन घेऊन मोकळा झाला असता, किंवा दुर्लक्ष तरी केलं असतं. मला तसं करता येईना, कारण त्या मशीनमध्ये महेश्वरीचा कोश होता.

महेश्वरी म्हणजे आमची मंडळी. माहेर दुधनीचं. घरात मराठी, अंगणात कानडी आणि भांडताना दोन्ही, अशा घरात ती वाढली. शाळेतली नोकरी संपल्यावर तिनं दुधनीकडच्या बायकांच्या तोंडचे शब्द गोळा करायला घेतले. एसटीनं जायची, कुणाच्या तरी उंबऱ्यावर बसायची, शेंगा फोडता फोडता शब्द काढून घ्यायची आणि घरी येऊन टाइप करायची. प्रत्येक शब्दाखाली अर्थ आणि अर्थाखाली तो शब्द घालून कुणीतरी खरोखर बोललेलं वाक्य. निम्म्याहून जास्त वाक्यं तिच्या निंगव्वा मावशीची होती. निंगव्वा मावशी गेल्या उन्हाळ्यात गेली. म्हणजे आता ती वाक्यं पुन्हा बोलायला माणूस नव्हतं.

पुण्याचे एक प्रकाशक कोश छापायला तयार झाले होते. दसऱ्याला फाईल पाठवायची असं महेश्वरीनं ठरवलं होतं, तोवर कुणाला काही दाखवायचं नाही. अर्धवट स्वयंपाक आणि अर्धवट लिखाण ती कुणापुढे ठेवत नाही. त्यामुळे सगळ्या जगात कोशाची प्रत एकच, ती आमच्या अपात्र मशीनमध्ये. पूर्वी कागदाच्या चिठ्ठ्या होत्या, पिशव्या भरभरून. "सगळं कॉम्प्युटरात आहे ना? मग हा पसारा कशाला ठेवायचा?" असं म्हणून त्या मीच रद्दीत घातल्या. घर नीटनेटकं दिसतंय म्हणून त्या दिवशी मी स्वतःवर खूशही होतो.

पाटीची बातमी पेठेत पसरवली ती भीमाशंकरनं. खाली चार घरं सोडून त्याचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक नसलं की तो वर येऊन बसतो. पाटी वाचून तो म्हणाला, "अण्णा, आता तुमचं मशीन उघडं पडलं बगा. कोणबी यील आन कोश घिऊन जाईल की."

"दुधनीचे शब्द कोण नेतंय रे?" मी म्हणालो.

"कुणाला काय लागतंय आपल्याला काय ठाव?"

महेश्वरी दारातून ऐकत होती. त्या दिवशी ती नीट जेवली नाही. संध्याकाळी माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाली, "अहो, कोशाला काही होणार नाही ना?"

"मी आहे ना," मी म्हणालो.

हे वाक्य मी इतक्या सहज बोललो की आता आठवलं तरी स्वतःच्या मुस्काटात मारावंसं वाटतं.

आमची मुलगी राजेश्वरी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला फोन केला तर ती म्हणाली, "अप्पा, मशीन चांगलं आहे. त्याच्यावर लिनक्स टाका. फुकट आहे, हलकं आहे, आणखी काही वर्षं चालेल."

"ते काय असतं?"

"ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज कशी, तशीच. मशीन म्हणजे नुसतं लोखंड, अप्पा. किल्ली दाबली की पडद्यावर अक्षर उमटवायचं, फाईल कुठं ठेवायची, प्रिंटरला कधी उठवायचं, हे सगळं वाटून देणारं कोणीतरी मधे लागतं. ती ऑपरेटिंग सिस्टीम."

"म्हणजे हेडक्लार्क."

ती म्हणाली, "हो अप्पा. हेडक्लार्कच." तेव्हापासून माझं लिनक्सबद्दल मत बरं झालं. पण मी पुढचा प्रश्न विचारला, की त्याचा मालक कोण? ती म्हणाली, कुणीच नाही. जगभरचे लोक मिळून लिहितात, आतलं सगळं लिखाण उघडं असतं, कुणीही वाचावं, बदलावं, बदललेलं दुसऱ्याला द्यावं. याला ओपन सोर्स म्हणतात. मी म्हणालो, मग बिघडलं तर तक्रार कुणाकडे करायची? ती म्हणाली, फोरमवर लिहायचं, कुणीतरी उत्तर देतं. मी म्हणालो, कुणीतरी म्हणजे कोण, त्याचं पदनाम काय? त्यावर ती म्हणाली की तिची मीटिंग आहे.

सकाळी फिरायला जाताना माझ्याबरोबर उदयसिंह असतात. वीज मंडळातून निवृत्त झालेले, सगळ्या गोष्टींत धोका दिसणारे गृहस्थ. त्यांना मी ओपन सोर्स समजावून सांगायला घेतलं. म्हणालो, आपल्या शेंगाचटणीचं बघा. कृती सगळ्यांना माहीत आहे, लपवलेलं काही नाही. तुम्ही लसूण वाढवा, मी तिखट वाढवतो, शेजारीण जिरं घालते, आणि तिघंही आपापली चटणी वाटीभर एकमेकांकडे पाठवतो. तसंच हे. म्हणून लिनक्सच्याही घरोघरी वेगळ्या जाती आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात, आतला गाभा तोच.

उदयसिंह थांबले. "आणि चटणीत कुणी विष घातलं तर?"

"हजार माणसं बघत असतात. कुणालातरी कळेल की."

"खाल्ल्यावर कळेल," ते म्हणाले आणि तिथूनच घरी परतले. मला त्या दिवशी एकट्यालाच चक्कर पूर्ण करावी लागली.

डिस्ट्रो निवडण्यात आठवडा गेला. यादी उघडली तर संपेचना. हे नवशिक्यांसाठी, ते जुन्या मशीनसाठी, एक शाळांसाठी, एक ज्यांना सगळं हातानं करायची हौस आहे त्यांच्यासाठी. फोरमवर विचारलं तर एका परदेशी माणसानं एक सुचवलं, दुसऱ्यानं त्याला मूर्ख ठरवलं, आणि ते दोघं माझ्या प्रश्नाखाली तीन पानं भांडले. मी मधे दोनदा "महोदय" म्हणून लिहिलं. कुणी दखल घेतली नाही. शेवटी राजेश्वरीनं एक नाव सांगितलं आणि ती फाईल मी उतरवून घेतली.

आता ही फाईल पेनड्राइव्हवर एका खास पद्धतीनं चढवायची असते, म्हणजे मशीन त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू होतं. माझ्याकडे पेनड्राइव्ह नव्हता. भीमाशंकरनं मोठ्या मनानं त्याचा दिला. चढवणाऱ्या प्रोग्रामनं विचारलं, यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का? मला वाटलं, हे नुसतं विचारायची पद्धत आहे. मी हो म्हणालो.

संध्याकाळी भीमाशंकर आला. "अण्णा, त्यात आमच्या पोरीच्या डोहाळजेवणाचं शूटिंग होतं."

मी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.

"आमची म्हातारी नाचली होती की त्यात. आयुष्यात एकदा नाचली." त्याचा आवाज खरोखर बसला होता. मी माफी मागितली, महेश्वरीनं चहा केला, पण चहा तसाच ठेवून तो उठून गेला. तो गेल्यावर महेश्वरी म्हणाली, "अहो, राहू दे हे सगळं. आहे तसं राहू दे मशीन."

इथं मी थांबायला हवं होतं. पण पेठेत आता माझी गोष्ट झाली होती ना! अण्णांनी डोहाळजेवण पुसलं, असं लोक म्हणायला लागले होते. अशा वेळी माघार घेतली तर माणसाची किंमत राहत नाही. मी ठरवलं की दसऱ्याला महेश्वरी कोश पाठवील तो लिनक्सवरूनच पाठवील, आणि त्यासाठी आदल्या दिवशी सकाळी मशीन तयार पाहिजे.

आदला दिवस म्हणजे खंडेनवमी.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात हे सांगायला नको. घरातली विळी, सुरी, शिलाई मशीन, स्कूटर, सगळ्यांना विभूती लावायची, फुलं वाहायची, आणि त्या दिवशी त्यांना राबवायचं नाही. भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. पेठेतले यंत्रमागसुद्धा बंद असतात, त्यामुळे रोजच्या खडखडाटाची सवय झालेल्या कानांना त्या दिवशी चुकल्यासारखं होतं. महेश्वरीनं मला बजावलं, "दुपारी पूजा आहे. तोवर काय ते उरका. मशीनही पुजायचंय मला. यंदा तर पहिला मान त्याचाच."

"तासाभराचं काम आहे," मी म्हणालो.

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायला चालू होताहोताच एक किल्ली दाबावी लागते. कुठली ते मशीनवर असतं म्हणे. मी एक दाबली, विंडोज आलं. दुसरी दाबली, विंडोज आलं. मग मी सगळ्या वरच्या ओळीवर पेटी वाजवल्यासारखी बोटं फिरवली आणि त्यातली कुठली तरी लागू पडली. पडद्यावर लिनक्स आलं. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. स्वच्छ, कोरा पडदा. एक पाटी नाही, एक अपमान नाही. राजेश्वरीनं सांगितलं होतं की पेनड्राइव्हवरून चालणारं हे लिनक्स नुसतं चाखून बघायला असतं, आवडलं तर मग मशीनमध्ये बसवायचं. चाखताना जुनी डिस्कही दिसते. मी जुनी डिस्क उघडली, कोश उघडला, आणि महेश्वरीला हाक मारली. मराठी अक्षरं सुबक दिसत होती. निंगव्वा मावशीचं एक वाक्य समोर होतं. महेश्वरीनं पडद्याला हात लावला आणि मग घाईनं पदरानं बोटांचे ठसे पुसले.

राजेश्वरीनं तीन-तीनदा बजावलं होतं, आधी बॅकअप घ्या. मी काय वेडा आहे? मी रीतसर बॅकअप घेतला. कोशाचं फोल्डर उचललं आणि लिनक्सच्या त्या कोऱ्या डेस्कटॉपवर आणून ठेवलं. माझा हिशोब साधा होता. जुन्या साहेबाच्या कपाटातून काढलं आणि नव्या साहेबाच्या टेबलावर ठेवलं, झालं हस्तांतरण. फोल्डर उघडून महेश्वरीला दाखवलंही, की बघ, ही सुरक्षित प्रत. तिनं डोळे मिटून हात जोडले.

मग बसवायला घेतलं. त्यानं विचारलं, विंडोजच्या शेजारी बसू का डिस्क पुसून बसू? राजेश्वरी म्हणाली होती शेजारी. पण एका ऑफिसात दोन हेडक्लार्क मी आयुष्यात चालू दिले नाहीत. शिवाय बॅकअप झाला होता. पुसून बस, म्हणालो. सगळं जाईल, खात्री आहे का, असं त्यानं लाल अक्षरात विचारलं. लाल अक्षरातल्या सूचना मी स्वतः कॉलेजच्या फळ्यावर आयुष्यभर लावल्या आहेत, त्या कुणी वाचत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. मीही वाचली नाही.

अर्ध्या-पाऊण तासात काम झालं. पडद्यावर आलं, बसवून झालं, आता मशीन बंद करून चालू करता का आणखी थोडं वापरून बघता? मी म्हणालो, थोडं वापरतो. कारण मला ते भीमाशंकरला दाखवायचं होतं. डोहाळजेवणापासून तो वर आला नव्हता. त्यानं येऊन बघावं आणि पेठेत जाऊन सांगावं, एवढी माझी माफक इच्छा होती. मशीन चालू ठेवलं आणि खाली उतरलो.

भीमाशंकर कात्रीला आणि कापड मोजायच्या गजाला झेंडू वाहत होता. मी म्हणालो, चल वर. तो म्हणाला, पूजा हू दे. म्हणून तिथंच स्टुलावर बसून राजेश्वरीला फोन लावला. "झालं गं! बसवलं! पुसून बसवलं!"

"पुसून?" ती म्हणाली. "अप्पा, कोश?"

"बॅकअप घेतलाय."

"कशावर? दुसरा पेनड्राइव्ह आणला?"

"डेस्कटॉपवर."

"कुठल्या डेस्कटॉपवर?"

"लिनक्सच्या. आता समोर आहे की तो."

मग ती हळूहळू बोलायला लागली, लहान मुलाशी बोलावं तशी. "अप्पा, नीट ऐका. पेनड्राइव्हवरून चाललेलं लिनक्स स्वतःकडे काहीच ठेवत नाही. त्याचा डेस्कटॉप नुसता मेमरीत असतो. मशीन बंद केलं की ते सगळं जातं. डिस्कवरचा कोश तुम्ही पुसलाय. म्हणजे तेवढीच प्रत आहे. मशीन चालू आहे ना अजून?"

"चालू आहे."

"मग आहे. चालू आहे तोवर कोश आहे. कुणालाही हात लावू देऊ नका. आईला सांगा. घरी पळा."

मी पळालो. फोन तसाच हातात. माझा गुडघा गेली काही वर्षं पळायच्या कामाचा नाही, पण त्या दिवशी गुडघ्याला विचारलं कुणी! पळता पळता महेश्वरीचा नंबर लावला. वाजला आणि वाजतच राहिला. जिन्याच्या तोंडाशी एका रिक्षाला हार घालून, नारळ फोडून खोबरं वाटणं चाललं होतं आणि रिक्षा नेमकी आडवी. "अण्णा, थांबा, खोबरं घिऊन जावा," रिक्षावाला म्हणाला.

"नको!"

"असं कसं नको? आयुधाचा परसाद हाय."

खोबरं तोंडात कोंबून मी रिक्षाच्या बाजूनं अंग आत घातलं, शर्टाचं बटण तुटलं, आणि जिना चढलो. आमच्या घरातून उदबत्तीचा वास येत होता. मी दारातूनच ओरडणार होतो, पण तोंडात खोबरं होतं.

आतल्या खोलीत पाट मांडलेला. त्यावर विळी, सुरी, शिलाई मशीनचं चाक, स्कूटरची किल्ली, आणि महेश्वरीचा मोबाईल, विभूती लावलेला, फुलाखाली उजळून अजून माझं नाव दाखवत असलेला. टेबलावर आमचं मशीन. पडद्यावर विभूतीचे तीन पट्टे, वर झेंडूची माळ, डब्यावर बेलाचं पान. पडदा काळा. महेश्वरी त्याच्यापुढे गुडघे टेकून नमस्कार करत होती.

मी खोबरं गिळलं. "मशीन बंद कुणी केलं?"

"मी की," ती उठत म्हणाली. "चालू हत्याराची पूजा करतात काय? वर्षभर राबतंय बिचारं, आजचा दिवस तरी त्याला विश्रांती नको? आणि नीट केलंय हं, खाटकन बटण दाबलं नाही. तुम्ही शिकवलं तसं कोपऱ्यात जाऊन बंद केलं. पेनड्राइव्ह काढा म्हणालं, काढला. एंटर दाबा म्हणालं, दाबलं." तिनं पेनड्राइव्ह माझ्यापुढे धरला. त्यालाही विभूती लावली होती. "उद्या सकाळी उघडायचं आणि पहिलं काम, कोश पाठवायचा."

मी नियम मोडला. खंडेनवमीला पुजलेलं मशीन चालू केलं. ती "अहो, अहो" करत राहिली. झेंडूच्या माळेआडून लिनक्स आलं, या वेळी खरं, मशीनमध्ये बसलेलं. त्यानं पासवर्ड मागितला, मी दिला. पडदा उघडला. रिकामा. फोल्डर नाही, फाईल नाही, काही नाही.

महेश्वरी जवळ आली. "सुरक्षित प्रत कुठाय?"

तुम्हाला माझा स्वभाव एव्हाना कळला असेल. फाईल हरवली की ती शेवटी कुणाच्या टेबलावर होती हे शोधून काढायचं, हेच मी आयुष्यभर केलं. माझ्या टेबलावरून कधी हरवली नाही. आणि खरं बघाल तर आताही हरवली नव्हती. मी घर सोडलं तेव्हा कोश जिवंत होता. त्यानंतर मशीनला हात एकाच माणसाचा लागला होता. माझी बाजू स्वच्छ होती. एक वाक्य बोललो असतो, तर निम्मा दोष माझ्या अंगावरून उतरला असता. निम्मा कशाला, जास्तच.

तिच्या कपाळावर तीच विभूती होती, बोटांना झेंडूचा पिवळा रंग होता. निंगव्वा मावशीची वाक्यं ज्या हातानं टाइप केली त्याच हातानं तिनं ती बंद केली होती, आणि तिला ते माहीत नव्हतं. मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नाही. माझा बाप गेला तेव्हाही नाही.

"मी पुसला," मी म्हणालो.

"काय?"

"कोश. डिस्क पुसली त्यात गेला."

"पण मघाशी दाखवलात की मला."

"नुसता दिसत होता. कॉपी झालाच नव्हता. मी चुकीचं बटण दाबलं."

राजेश्वरीला मी पेठेतच कट केलं होतं. आता तिचा फोन आला. "आईनं बंद केलं का?" एवढंच तिनं विचारलं. मी म्हणालो, "माझ्या हातून गेला गं. मीच घालवला." तिला समजलं. ती हुशार आहे. त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही.

डिस्क एका दुकानात नेऊन दाखवली. त्यांनी आठवडाभर ठेवून घेतली आणि काही तुकडे परत दिले, पण त्यांत अक्षरांऐवजी सगळे चौकोनच. ते चौकोन मी खूप वेळ बघत बसलो, उगीच.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. महेश्वरी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती दोन वेळा ताट वाढायची आणि आत जाऊन बसायची. प्रकाशकांचा फोन आला तेव्हा तिनं "आमच्या घरी जरा अडचण आली आहे," असं सांगितलं. अडचण बाहेरच्या खोलीत बसून ऐकत होती. पेठेत तर माझी अब्रू उरलीच नाही. उदयसिंह म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं?" भीमाशंकर मात्र समाचाराला आला. माझा हात धरून म्हणाला, "अण्णा, तुमी आमचं डोहाळजेवण पुसलं तवाच मी म्हटलं, ह्यो माणूस थांबणार न्हाय." हे त्यानं प्रेमानंच म्हटलं. रिक्षावाल्यानं सगळ्यांना सांगितलं की अण्णांनी खंडेनवमीला मशीन चालू केलं, म्हणूनच गेलं. मी एकालाही उत्तर दिलं नाही. माझ्याकडे इतकं चांगलं उत्तर असताना गप्प बसायची वेळ माझ्यावर पूर्वी कधी आली नव्हती, आणि सांगतो, लई अवघड असतं ते.

हे जे मी लिहितोय ती फाईलसुद्धा त्याच मशीनवर आहे. लिनक्समध्ये प्रत्येक फाईलला मालक असतो, कुणी वाचायची, कुणी बदलायची, हे ठरवून देता येतं. ही फक्त मला वाचता येते. ओपन सोर्सला तक्रारीची खिडकी नसेल, पण परवानग्यांची व्यवस्था चोख आहे हे मी मान्य करतो.

दिवाळीच्या अलीकडे एका दुपारी मी मशीनपुढे बसून मराठी कीबोर्ड नीट लागतो का ते बघत होतो. तिला कधी वाटलंच तर हाताशी असावा म्हणून. महेश्वरी आतून आली, स्टूल ओढलं आणि शेजारी बसली.

"लागला काय कीबोर्ड?"

"लागला. ज्ञ कुठाय ते सापडत नाही."

"ज्ञ काही लागत नाही आमच्यात," ती म्हणाली. "घ्या टाइप करायला. आठवतील तसे सांगते. अ-आ-इ नंतर लावू."

मी बोटं कीबोर्डवर ठेवली.

"लिहा. हुच्च."

मी लिहिलं. "अर्थ?"

"वेडा. ज्याला कितीही सांगितलं तरी जे चांगलं चाललंय त्यात हात घालतो तो."

"एवढं सगळं त्या एका शब्दात आहे?"

"आता आहे. लिहा."

लिहिलं. "वाक्य?"

ती माझ्या बोटांकडे बघत होती. मला वाटलं उठून जाईल. "मावशीचं वाक्य आठवत नाही मला," ती म्हणाली. "शब्द आठवतात. ती काय बोलली होती ते नाही आठवत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दुधनीला जायला पाहिजे पुन्हा. आहेत अजून दोन-तीन म्हाताऱ्या. तुम्ही यायचं बरोबर, पिशवी धरायला."

"येतो."

"रोज रात्री झोप लागेना तेव्हा मी तुम्हाला शिव्या घालत होते, माहिताय? दोन्ही भाषांत. मनातल्या मनात." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "त्यातच शब्द आठवायला लागले एकेक. म्हटलं, हा लिहून ठेवायला पाहिजे, हाही लिहून ठेवायला पाहिजे. बरं झालं तुमच्या हातून गेला. तुमच्यावर राग तरी काढता आला. माझ्या हातून गेला असता ना, तर मी पुन्हा या खुर्चीजवळ आलेच नसते."

हुच्च या शब्दापुढे कर्सर लुकलुकत होता.

"पुढचा शब्द सांग," मी म्हणालो.